बेवडी

मांजरीचं नाव म्याच ठेवलं, बेवडी. दुसरं ठेवनार तरी काय? तिची आई मनी वैरनीच्या गंजीत व्याली, तीन पिल्लं झाली. दोन चांगली तुरुतुरु पळाय लागली आन ही तिसरी नुसती पाय फाकून उभी. चालायला निघाली की पाऊल इतकं उंच उचलायची, जसं काय म्होरं उंबरा हाय, आन मग दानकन खाली टाकायची. दोन पावलं गेली की कलली एका अंगावर. दुधाच्या ताटलीकडं तोंड न्यायला लागली की डोकं लटालटा हलायचं आन कपाळ ताटलीवर आपटायचं. आळीतली पोरं शाळंतून सुटली की पयली आमच्या अंगनात. "काकू, बेवडी कुठंय?" मी बी काय कमी न्हाई. म्हनायची, "आत्ताच गुत्त्यावरनं आलीया, पडलीय बघा गोठ्यात." पोरं पोट धरून हसायची.

असं म्हनताना माझा एक डोळा ओट्यावरच्या बाजंकडं असायचा. बाजंवर मालक बसलेले असायचे. टोमना त्यांना हुता, मांजर नुसतं निमित्ताला.

मालक म्हंजी आमचे सहादेव. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, पन तुमाला समजावं म्हनून एकदा घेतलं. आमचे सासरे, भिमाजी, दारूनंच गेले. शेवटी शेवटी त्यांना बाजाराच्या मैदानातनं उचलून आनावं लागायचं. त्यांचं तेरावं झालं त्या दिवशी मालकांनी मारुतीच्या देवळात जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. तवा आमचं लगीन बी झालेलं नव्हतं. दारू न्हाई, मटन न्हाई, तंबाखूची चिमूट न्हाई. रोज सांजच्याला हरिपाठाला टाळ घेऊन पयल्या रांगंत उभे. सोयरीक आली तवा माझ्या बापानं दुसरं काय बघितलंच न्हाई. म्हनला, माळकरी हाय, पोरगी सुखात पडंल. आन पडले हुते, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या दोन वर्सांत काय झालं देव जाने. आदी टाळ चुकाय लागले. एक टाळ हिकडं, एक तिकडं, मदी हवाच. भजनाचे म्होरके मच्छिंद्र भाऊजी म्हनले, सहादेवा, जरा मागच्या रांगंत ऱ्हा. मग एक दिस मोटारसायकल सरळ पाटाच्या चारीत घातली. मग जीभ जड झाली, बोलताना शब्द एकमेकांवर पडाय लागले. बांधावरनं चालताना पाय हिकडं तिकडं. लोक आदी दबकून बोलायचे, मग उघड बोलाय लागले, की बापाच्या वळनावर गेला.

पयल्यांदा मी लोकांशी भांडले. लई भांडले. एका बाईच्या झिंज्या उपटायच्या तेवढ्या ठेवल्या. पन घरी येऊन बघावं तर मानूस खरंच झोकांड्या खातंय. रात्री मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कदीच आला न्हाई. त्यांना जेवल्यावर वेलदोडा चघळायची जुनी सवय, मी म्हनलं, अस्सं, वास मारायला व्हय! मालक गळ्यातली माळ मुठीत धरायचे आन म्हनायचे, "रतन, ह्या माळंची आन हाय. थेंब घेतला न्हाई." मी म्हनायची, माळंची तरी लाज धरा.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या संस्कृतीला बेलापूरची मानसं बघायला आली. पोरगी श्रीगोंद्याला कॉलेजात, रंगानं उजळ, बोलायला धीट. पोरगा बी चांगला हुता, नागापूरला कंपनीत. म्या मालकांना बजावलं हुतं, तुमी नुसतं बसा. पन बापाला कुठं ऱ्हावतंय? पाव्हन्यांना पानी मीच देनार म्हनून ट्रे उचलला. दारापसून सतरंजीपतोर पेले नुसते कडाकडा वाजत आले आन पोराच्या चुलत्यापाशी वाकले तवा सगळा ट्रे त्यांच्या मांडीवर. पाव्हनी हसली, पोहे खाल्ले, च्या पिली, गेली. दुसऱ्या दिवशी मदल्या मानसाचा फोन आला. पोरगी सोन्यासारखी हाय, पन घरात दारू हाय म्हने.

माझं डोकं फिरलं. सांजची येळ, मालक देवळाकडं निघालेले. मी मागनं गेले आन पारावर, सगळ्या हरिपाठवाल्यांच्या म्होरं, त्यांना अडवलं. "गळ्यात माळ आन पोटात दारू! पोरीचं वाटोळं केलं! काढा ती माळ, तुमची लायकी न्हाई!" ते काय बोलायच्या आत म्याच हात घालून माळ वरनं ओढली. माळ कानाला अडकली. मालकांनी ती धरायला हात वर केला, पन हात माळंवर गेलाच न्हाई. बाजूच्या हवेत मूठ मिटली. ते बघून कुनीतरी फिसकन हसलं. मग लई जन हसले.

त्या दिवसापसून मालकांनी शपथ घ्यायचं सोडलं. पीत न्हाई, असं बी म्हनायचं सोडलं. म्या मनात म्हनलं, चोर सापडला की गप बसतोच. माळ नेऊन देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली आन मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, पोरीच्या बाजूनं काहीतरी केलं असं.

पुढं थंडीत गाईची कास सुजली, म्हनून संस्कृतीनं सरकारी दवाखान्यातल्या जनावराच्या डॉक्टरला फोन केला. ज्योती मॅडम आल्या, तरन्याताठ्या, पायात गमबूट. कास बघितली, इंजेक्शन दिलं, हात धुयाला बादलीपाशी आल्या तर पायात ही आमची बाई झोकांड्या खात आली. मॅडम तिथंच उकिडव्या बसल्या.

"अरे वा! ही कोण?"

"बेवडी," म्या म्हनलं.

संस्कृतीनं माझ्याकडं डोळे वटारले. मॅडम हसल्या. त्यांनी मांजरीला पाठीवर लोळवलं, उभं केलं, तिचा एक पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. मांजरीनं झटक्यात सरळ केला. दुसरा उलटा केला, तो बी सरळ केला. मग त्यांनी ताटली मागितली, दूध वतलं आन लांब सरकून बघत बसल्या. बेवडी ताटलीकडं निघाली, डोकं हलाय लागलं, जवळ जाईल तसं जास्तच, आन आपटलं कपाळ.

"बघितलंस?" मॅडम संस्कृतीला म्हनल्या. "शांत पडली होती तेव्हा थरथर होती का? नव्हती. काही करायला गेली की सुरू होते, आणि जवळ जाईल तशी वाढते. ह्याला इंटेन्शन ट्रेमर म्हणतात. आणि चालताना पाय गरजेपेक्षा उंच उचलते, ती हायपरमेट्रिया. आणि हे जे तोल जाणं आहे सगळं, पाय फाकून उभं राहणं, झोकांड्या, ते ॲटॅक्सिया."

"म्हंजी पायात ताकद न्हाई तिच्या?" संस्कृतीनं इचारलं.

"ताकद भरपूर आहे. हात लावून बघ, कशी ढकलते. आणि पाय कुठे आहे तेही तिला कळतं, नाहीतर उलटा पंजा सरळ केलाच नसता. बिघाड पायात नाही, इथे आहे." मॅडमनी मांजरीच्या डोक्याच्या मागं, मानंच्या वर बोट ठेवलं. "सेरेबेलम. लहान मेंदू."

मी चुलीवर च्या ठेवलेला. तिथनंच म्हनलं, "मॅडम, आमाला कळंल असं सांगा की."

"काकू, तुम्ही पाण्याला दारं धरता ना? मोटार चालू आहे, विहिरीला पाणी आहे. पण कोणत्या वाफ्याला किती सोडायचं, कधी तोडायचं, हे बघणारा माणूसच बांधावर नसेल तर काय होईल?"

"एक वाफा फुटंल आन दुसरा कोरडा ऱ्हाईल."

"झालं तर. लहान मेंदू म्हणजे तो दारं धरणारा. हिचा जन्मापासून पुरता वाढलेलाच नाही. आई गाभण असताना आजारी पडली असेल, पोटातल्या एखाद्या पिल्लाला असं होतं. दुखत नाही हिला काही. वाढणारही नाही, आहे तसंच राहील. ताटली जरा उंच आणि जड ठेवा, जिन्यावर जाऊ देऊ नका, शंभर वर्षं जगेल." मग हसत हसत माझ्याकडं बघून म्हनल्या, "एवढ्याशा जिवानं थेंबभर कधी घेतली नाही आणि तुम्ही तिला बेवडी म्हणता होय काकू?"

मी बी हसले. संस्कृती हसली. बाजंवर मालक बसले हुते, त्यांच्याकडं कुनी बघितलं न्हाई.

"मॅडम." आवाज बाजंवरनं आला. इतक्या दिसांत पाव्हन्यांम्होरं ते पयल्यांदा बोलले, त्यात जीभ जड, म्हनून मॅडमना पयल्या झटक्याला कळलंच न्हाई. मालकांनी पुन्यांदा इचारलं. "मॅडम, हे मानसाला बी हुतं का?"

मी तिथनंच खेकसले. "अवो, मांजराचं चाललंय. तुमी मदी कशाला?"

 मी च्याचे पेले घेऊन गेले, एक मालकांच्या हातात दिला. पेला मांडीवर ठेवला हुता तवर हात थिर हुता. उचलला आन तोंडाकडं न्यायला लागले तसा हात हलाय लागला. अर्ध्यात आल्यावर जास्त. ओठांपाशी आल्यावर च्या हनुवटीवर सांडला. आमाला ते रोजचंच हुतं. मॅडम मात्र बघत ऱ्हायल्या. मांजरीकडं बघत हुत्या तशाच.

"काका," त्या म्हनल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे. माणसाचं मी सांगू नये. पण तुम्ही नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. उशीर करू नका." आन च्या न पिताच उठल्या.

आता कुनीबी म्हनंल, तवा तरी रतनबाईच्या डोक्यात उजेड पडला आसंल. न्हाई पडला. मॅडमची गाडी वळली तशी मी मालकांना म्हनलं, "चला, मांजरीनं सोडवलं तुमाला. आता आजार हाय म्हना आन खुशाल प्या." मालक पेला खाली ठेवत हुते. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा टेकला.  संस्कृती मात्र माझ्या अंगावर आली. "आई, तू गप! मी नेनार हाय दादांना नगरला." म्या म्हनलं, मी बी येनार. मला तिथं डॉक्टरच्या तोंडनं ऐकायचं हुतं. मोठा डॉक्टर तपासंल, रक्त काढंल, आन सांगंल की दारू हाय. मग मालकांना बोलायला जागा ऱ्हायची न्हाई. त्यांना पकडून द्यायला मी नगरला गेले, दुसरं काय न्हाई.

डॉक्टर वयस्कर हुते, बोलायला सावकाश. मालकांना म्हनले, माझ्या बोटाला बोट लावा, मग तुमच्या नाकाला. मालकांचं बोट निघालं, डॉक्टरच्या बोटापाशी जाऊन हिकडं तिकडं व्हाय लागलं. नाकाकडं आलं ते डोळ्याखाली गालावर. मग सरळ रेषेत चालायला सांगितलं, पावलाला पाऊल लावून. मालक उभे ऱ्हायले आन पाय फाकवले. पाऊल उचललं. उंच उचललं, म्होरं उंबरा असल्यागत, आन दानकन टाकलं.

 ही चाल मला पाठ हुती. ह्या चालीवर मी रोज अंगनात पोरं हसवत हुते.

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता बाजूच्या डॉक्टरला सांगत हुते, ॲटॅक्सिया, इंटेन्शन ट्रेमर, सेरेबेलम. विंग्रजी मला येत न्हाई. पन हे शब्द वळखीचे हुते, माझ्या गोठ्यातले. संस्कृतीनं माझा हात दाबला.

मग डॉक्टरनी पेन ठेवला आन मालकांना इचारलं, "दारू घेता का? दारूनंही असं होतं, म्हणून विचारतो. खरं सांगा."

हीच ती येळ. मी ह्याच्यासाठी तर आले हुते. मालकांनी डॉक्टरकडं बघितलं न्हाई. खाली फरशीकडं बघत म्हनले, "हिला इचारा."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "किती घेतात?"

"म्हंजी... घेतात," म्या म्हनलं.

"रोज?"

"ते... सांगता येत न्हाई."

"घरी आणून पितात की बाहेर?"

"घरी न्हाई."

"मग बाहेर कुठे? कुणाबरोबर?"

मला काय ठावं. मालक रानात असत्यात न्हाईतर बाजंवर. देवळाशिवाय कुठं जात न्हाईत. ज्या दिवशी रानात मी संगं असते त्या दिवशी बी सांजच्याला झोकांड्या खात्यात.

"तोंडाला वास येतो?"

"न्हाई."

"तुम्ही कधी पिताना बघितलंय?"

मी संस्कृतीकडं बघितलं. ती खिडकीकडं बघत हुती. 

"बाई, बघितलंय का कधी?"

"न्हाई," म्या म्हनलं. "कदीच न्हाई."

"मग घेतात असं कुणी सांगितलं?"

 गाव म्हनायचं, मी म्हनायची. आन गावाची खात्री झाली ती म्याच पारावर सांगितलं म्हनून. मला तिथं भिंतीत जाता आलं असतं तर मी गेले असते.

रक्त तपासलं, मशिनीत घालून डोक्याचा फोटू काढला. पुढच्या खेपंला डॉक्टरनी फोटू उजेडाला धरून दावला. डोक्याच्या मागं, मानंच्या वर, ज्योती मॅडमनी मांजरीच्या जिथं बोट ठेवलं हुतं तिथंच. लहान मेंदू सुकत चाललाय. लिव्हर साफ हाय, दारूची निशानी कुठंच न्हाई, नुसता आजार हाय. म्या इचारलं, वाढनार तर न्हाई ना? मांजरीचं वाढत न्हाई, हे माझ्या डोक्यात बसलेलं. डॉक्टर म्हनले, हळूहळू वाढेल. व्यायाम, काठी, पडू नये म्हणून काळजी. औषधानं बरं होईल असं खोटं सांगणार नाही.

एसटीत मालक खिडकीपाशी बसले, मांडीवर रिपोर्टची पिशवी. मी बाजूला. आमचं काष्टी गाव येईपतोर मला त्यांच्याकडं बघायचा धीर झाला न्हाई. बोलायचं लई हुतं. चुकले म्हनायचं हुतं, पाया पडायचं हुतं. पन एसटीत मानसं हुती, आन मला मानसांची लाज वाटली. बघा कशी हाय मी! त्यांची माळ काढायला मला सगळं गाव चालत हुतं आन चुकले म्हनायला एसटीतली चार डोकी चालंनात.

हे माझ्याच मनाला लागलं. घरी उतरले, पिशवी ठेवली आन तशीच पाराकडं गेले. हरिपाठ सुटत हुता. जिथं माळ ओढली हुती तिथंच उभी ऱ्हायले आन तसंच, तेवढ्याच आवाजात वरडले, "आयका समदे! आमचं मानूस दारू पीत न्हाई! कदी पिलं न्हाई! माझं चुकलं! त्यांचा सेरेबेलम सुकलाय!"

सगळे थांबले. मग कुनीतरी मागनं बोललं, "ही दारूची कोन्ती नवी कंपनी म्हनायची?" आन हशा झाला. तोच हशा, त्याच मानसांचा.

मी रिपोर्टचं सांगितलं, मशिनीचं सांगितलं, दारं धरनाऱ्याचं सांगितलं, ॲटॅक्सिया सांगितलं. जितकं सांगावं तितके लोक खालमानेनं हसाय लागले. मच्छिंद्र भाऊजी म्होरं आले, भला मानूस, मला बाजूला घेऊन हळूच म्हनले, "रतनबाई, आमी कुठं काय म्हनतोय? पोरीचं जमवायचं म्हनल्यावर झाकावंच लागतं. कोन इचारायला आलं तर आमी बी सांगू, पीत न्हाई म्हनून. तुमी काळजी करू नगा."

मला रडू फुटलं. पारावर ज्या दिवशी मी खोटं बोलले त्या दिवशी एकानंबी पुरावा मागितला न्हाई. आन आज पिशवीभर पुरावा हाय तर ते मला सांभाळून घेत हुते.

घरी आले तर मालक ओट्यावर बाजंवर. पार काय लांब न्हाई, सगळं आयकलेलं. पायापाशी बेवडी बसलेली. मी उंबऱ्यात बसले, पदर तोंडाला लावून. संस्कृती आत गेली आन आतच ऱ्हायली.

"लोकांना न्हाई पटलं," म्या म्हनलं.

"लोकांचं सोड." मालक एकेक शब्द सावकाश काढत हुते. "तुला पटलं का?"

"व्हय."

"रिपोर्टमुळं?"

मी मान हलवली.

"रतन, रिपोर्ट नसता तर? नुसता मी असतो, माळंची आन घेनारा. तर पटलं असतं का?"

आता हितं रडून मोकळं हुता आलं असतं. व्हय म्हनता आलं असतं. पटलं असतं, कदीतरी पटलं असतं, असं म्हनलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आन मला त्याहून जास्त. शब्द ओठावर आला बी हुता. पन त्या मानसानं माझ्याम्होरं इतक्या येळा खरं सांगितलं हुतं आन मी एकदाबी आयकलं नव्हतं. त्याला आता मी खोटं कसं सांगू?

"न्हाई," म्या म्हनलं. "नसतं पटलं. तुमी मेला असता तरी मी दारूनं गेले म्हनून सांगितलं असतं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं.  मग म्हनले, "खरं बोललीस. आता ती माळ आन."

मी देव्हाऱ्याच्या खिळ्यावरनं माळ काढली. धूळ बसली हुती, ती पदरानं पुसली. देवळात घालूया का, म्या इचारलं, सगळ्यांम्होरं. ते म्हनले, न्हाई, हितंच घाल. आन डोकं खाली केलं.

माळ घालताना पुन्यांदा कानाला अडकली. मी सोडवली. मालकांचा हात माळ धरायला वर निघाला, हलत हलत. पयल्यांदा चुकला, खांद्याच्या बाजूला हवेत मिटला. मला धरावासा वाटला, पन मी धरला न्हाई, कुनी हसलं बी न्हाई. दुसऱ्यांदा माळ घावली.

"पुन्यांदा मला शपथ घ्यायला लावू नगंस," ते म्हनले.